पल्सरचा माग काढत सुपरनोव्हाच्या जागेपर्यंत कसे जावे

इंदूरचा अक्षांश सुमारे २२.७ अंश उत्तर असल्याने पौष-माघातील रात्री वृषभ रास जवळजवळ डोक्यावरून जाते. तिच्या शिंगाच्या टोकावरील अग्नी ताऱ्याच्या पूर्वेस अडीच-तीन अंशांवर एस १४७ हा सुपरनोव्हाचा, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाचा, अवशेष पसरलेला आहे. रामबागेतल्या गच्चीवरून तो दिसणार नाही. मात्र त्यातला पल्सर, म्हणजे स्फोटातून उरलेला वेगाने फिरणारा तारा, गणिताने मागे नेऊन स्फोटाची जागा काढण्याच्या या कामाला वही, कॅल्क्युलेटर आणि इंटरनेटवरील पल्सरसूची एवढे पुरते.

सूचीतून या अवशेषातील जे ०५३८+२८१७ या पल्सरची नोंद काढावी. त्याचा विषुवांश (आकाशातील पूर्व-पश्चिम स्थान) ५ तास ३८ मिनिटे २५ सेकंद, क्रांती (उत्तर-दक्षिण स्थान) उत्तर २८ अंश १७ कला, आणि निजगती (आकाशावर सरकण्याची गती) दरवर्षी पश्चिमेकडे २३.६ व उत्तरेकडे ५२.९ सहस्रांश विकला आहे; अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतल्यास एकूण गती ५७.९ येते. अवशेषाच्या मध्यापासून पल्सर सुमारे ३६ कला, म्हणजे २,१६० विकला, दूर आहे. स्फोट मध्यावर झाला असे मानून या अंतराला गतीने भागले की स्फोटाला झालेली सुमारे ३७,३०० वर्षे मिळतात.

आता गतीची दिशा उलटवावी. एवढ्या काळात पल्सर ३३ कला उत्तरेला आणि १४.७ कला पश्चिमेला सरकला, म्हणून मूळ जागा तेवढीच दक्षिणेला व पूर्वेला शोधावी. सूचीतील विषुवांशाच्या गतीत क्रांतीचा कोसाइन आधीच गुणलेला असतो; त्यामुळे पूर्वेकडचे अंतर ०.८८ ने भागूनच विषुवांशात मिळवावे, नाहीतर जागा दोन कलांनी चुकते. उत्तर ५ तास ३९ मिनिटे ३२ सेकंद, २७ अंश ४४ कला असे येते. पल्सरची आपल्या दिशेने किंवा आपल्यापासून दूर जाण्याची गती मोजता येत नाही. पण आकाशावरील जागेपुरता या काळात तिचा फरक पडत नाही, आणि आकाशगंगेच्या ओढीने मार्ग वाकण्याइतका अवधीही झालेला नाही.

खरी अडचण मध्य ठरवण्यात आहे. निजगतीत ०.१ सहस्रांश विकलेची चूक असली तरी जागा चार विकलांनीच हलते; पण तीन अंश व्यासाच्या, फाटक्या कडांच्या अवशेषाचा मध्य काही कलांनी इकडेतिकडे मानता येतो आणि वय हजारो वर्षांनी बदलते. अवशेष सर्व बाजूंनी सारखा फुगतो असे गृहीत धरण्यालाही आधार नाही. पल्सरचा आवर्तकाल (एका फेरीचा वेळ) आणि त्याच्या वाढीचा वेग यांवरून काढलेले वय तर येथे सुमारे ६ लाख वर्षे येते. पल्सर जन्मतःच आजच्याइतक्या, म्हणजे १४३ मिलिसेकंदांच्या जवळपासच्या, आवर्तकालाने फिरत होता असे मानले की ही विसंगती सुटते. म्हणून या वयावर विसंबून मागे जाऊ नये.

मध्यावर अवलंबून नसलेला पुरावा मिळाला तर तो अधिक वजनाचा मानावा. एस १४७ मध्ये तो आहे: एचडी ३७४२४ या पळत्या ताऱ्याची निजगती उलट नेली असता तो आणि पल्सर सुमारे ३०,००० वर्षांपूर्वी एकाच ठिकाणी येतात, म्हणजे स्फोटापूर्वी ते जोडतारे असावेत. त्यामुळे वहीत ३७,३०० हा आकडा न लिहिता ‘३० ते ४० हजार वर्षे, ३० कडे कल’ असे नोंदवावे आणि नकाशावर जन्मस्थानाचा ठिपका न देता काही कलांचा लांबट पट्टा आखावा.