अणूपासून ताऱ्यांपर्यंत : आकारांची तुलना करताना या चुका टाळा

सूर्य पृथ्वीच्या १०९ पट मोठा आहे आणि सूर्य पृथ्वीच्या १३ लाख पट मोठा आहे, ही दोन्ही विधाने बरोबर आहेत. पहिल्यात व्यासाची तुलना केली आहे, दुसऱ्यात घनफळाची; वस्तुमान धरले तर सुमारे ३ लाख ३३ हजार हा तिसराच आकडा मिळतो. त्यामुळे नुसते ‘इतके पट’ लिहिणे ही या विषयातली सर्वांत सामान्य आणि सर्वांत दिशाभूल करणारी चूक आहे.

व्यासाच्या गुणोत्तराचा घन केला की घनफळाचे गुणोत्तर मिळते, हा नियम समान आकृतीच्या वस्तूंनाच लागू पडतो. सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाचा गोल विषाणू आणि साडेसात मायक्रोमीटर व्यासाची तांबडी रक्तपेशी घ्या (१ मायक्रोमीटर म्हणजे १,००० नॅनोमीटर). व्यासांचे गुणोत्तर ७५ येते आणि त्याचा घन सव्वाचार लाखांच्या जवळ जातो. परंतु रक्तपेशी गोल नसून मध्ये दबलेली चकती आहे आणि तिचे घनफळ साधारण ९० घन मायक्रोमीटर असते, म्हणून खरे गुणोत्तर पावणेदोन लाखांच्या आतच राहते.

उत्तर चुकले असेल, तर ते किती पटीने चुकले यावरूनच बहुतेक वेळा कारण सापडते. ते नेमके दुप्पट किंवा निम्मे आले, तर कुठेतरी त्रिज्येच्या जागी व्यास घेतला गेला आहे. हजारपटीचा फरक पडला, तर नॅनोमीटर व मायक्रोमीटर किंवा मीटर व किलोमीटर यांची गल्लत झाली असावी. भागाकार करण्यापूर्वी दोन्ही मापे मीटरमध्ये आणि दहाच्या घातांत लिहिली, तर ही चूक सहसा होत नाही.

अवकाशाच्या चित्रांत वेगळीच अडचण असते. सूर्यमालेच्या बहुतेक आकृत्यांमध्ये ग्रहांना एक प्रमाण लावलेले असते आणि अंतरांना दुसरेच, आणि हे कुठेही सांगितलेले नसते. एकच प्रमाण पाळले तर काय होते, ते प्रत्यक्ष मांडून पाहावे. १ मीटर म्हणजे १० लाख किलोमीटर असे धरल्यास सूर्य १.४ मीटर व्यासाचा होतो, पृथ्वी त्याच्यापासून १५० मीटरवर असलेली जेमतेम १३ मिलिमीटरची गोळी ठरते आणि साडेतीन मिलिमीटरचा चंद्र तिच्यापासून ३८ सेंटीमीटर दूर येतो. नेपच्यून साडेचार किलोमीटरवर जातो. सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, याच प्रमाणात सुमारे ४० हजार किलोमीटरवर, म्हणजे खऱ्या पृथ्वीच्या परिघाइतक्या अंतरावर ठेवावा लागतो. आकार आणि अंतर एकाच पानावर एकाच प्रमाणात का बसत नाहीत, हे या आकड्यांवरून कळते. म्हणून आकृतीखाली ‘अंतरे प्रमाणात नाहीत’ असे स्पष्ट लिहिणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

अणू म्हणजे छोटी सूर्यमाला, ही तुलनाही सोडून द्यावी, असे माझे ठाम मत आहे. हायड्रोजनच्या अणूचा व्यास त्याच्या केंद्रकाच्या साधारण ६० हजार पट असतो, तर नेपच्यूनच्या कक्षेचा व्यास सूर्याच्या सुमारे साडेसहा हजार पटच आहे. शिवाय ग्रहाला निश्चित व्यास आणि कक्षा असते. इलेक्ट्रॉनचा आकार मात्र आजवर मोजता आलेला नाही आणि तो ठरावीक वर्तुळात फिरतही नाही.

सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या छायाचित्राखाली ‘४०० पट मोठे’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्यावरून माप काढू नये. चित्र पडद्यावर लहान-मोठे झाले की तो आकडा निरर्थक ठरतो. चित्रातच काढलेली मापपट्टी मात्र चित्राबरोबर बदलते आणि म्हणून विश्वासार्ह राहते. दुर्बिणीच्या छायाचित्रांनाही हे लागू आहे, कारण चौकट भरेल असे कापलेले चंद्र आणि गुरू सारखेच दिसतात, प्रत्यक्षात गुरूचा व्यास चंद्राच्या ४० पट आहे.

शेवटचा मुद्दा अचूकतेचा. अणूला कठीण कवच नसते, आणि गुरूला घन पृष्ठभाग नसल्यामुळे त्याचा व्यास १ बार दाबाच्या (साधारण पृथ्वीवरील समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाइतक्या) पातळीवर ठरवतात. ज्या वस्तूंची कडाच अशी संकेताने ठरते, त्यांच्या मापांचा भागाकार गणकयंत्रावर ६३,०९५ असा आला, तरी लिहिताना ‘सुमारे ६० हजार’ असेच लिहावे.