भुवया गोंदवून घेताना किती दुखतं?

हा प्रश्न सगळ्याजणी विचारतात, आणि ‘अजिबात नाही’ असं मी कुणालाच सांगत नाही. दुखतं. थ्रेडिंगला डोळ्यांत पाणी येतं ना, साधारण तसंच. पण थ्रेडिंग काही मिनिटांत उरकतं. मायक्रोब्लेडिंगला, म्हणजे बारीक पात्याने केसांसारख्या रेघा ओढून त्यात रंग भरायला, दोनेक तास लागतात. त्यातला बराच वेळ आकार आखण्यात जातो, तेव्हा काहीच दुखत नाही.

पाळीच्या आसपासची तारीख घेऊ नका, बऱ्याचजणींना तेव्हा जास्त लागतं. आदल्या दिवसापासून दारू नको, सकाळी कडक कॉफी नको. पण जेवून या. चतुर्थीचा उपवास असेल तर दिवस बदलू. रिकाम्या पोटी चक्कर येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. ती मनानेच बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

बधिर करायचं क्रीम बहुधा लिडोकेनचं असतं. त्याला अर्धा तास तरी द्यावा लागतो. घरूनच जाड थर लावून, वर प्लास्टिक गुंडाळून येऊ नका. औषध जास्त प्रमाणात रक्तात उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

काम सुरू झालं की आधी दचकवतो तो आवाज, खर्र खर्र. मग चरचर. आणि इथे माझी कळकळीची विनंती आहे: सोसू नका. आपल्या बायका दात आवळून पडून राहतात, विचारलं तर म्हणतात, “चालू दे गं.” पण तुम्ही अंग आखडलंत, दचकलात, की रेघ खोल जाते, खोल गेलेला रंग पुढे राखाडी आणि पसरट दिसतो. चरचरणं ठीक. आत कळ गेली तर लगेच हात वर करा. मी थांबते, बधिर करायचं जेल पुन्हा लावते. थांबायला कुरकुर करणाऱ्या बाईकडे भुवया देऊच नका.

रात्री उन्हाने भाजल्यागत हुळहुळेल, नंतर त्वचा ताणेल, खाज येईल, खपल्या धरतील. खाजवू नका, खपल्या ओढू नका. दोन-तीन दिवसांनी दुखणं ओसरायच्या ऐवजी वाढलं, पू किंवा ताप आला, तर पार्लर नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

ओठांवरही असाच रंग गोंदवून घ्यायचा असेल, तर ओठ भुवयांपेक्षा जास्त दुखतात, सुजतातही. ओठांवर पूर्वी कधी नागिणीसारखे पाण्याचे फोड येऊन गेले असतील तर सुई लागल्यावर ते पुन्हा उठू शकतात. त्यासाठी आधी डॉक्टरांकडून औषध घ्या, मगच माझ्याकडे तारीख मागा.