ऑफिस फर्निचरच्या कामात नवीन येताय? आधी लोक कसे बसतात ते बघा

इंटिरियरचा डिप्लोमा झाल्यावर मी नाशिकमध्येच एका छोट्या फर्मला लागले, त्याला आता अकरा वर्षं झाली. दरवर्षी जून-जुलै आला की कोणी ना कोणी मुलं विचारतात, ताई ऑफिस इंटिरियरमध्ये यायचंय, कुठलं सॉफ्टवेअर करू? ऑटोकॅड आणि स्केचअप लागतंच, पण ते सहा-आठ महिन्यांत हातात बसतं. मला जे फार उशिरा कळलं ते दुसरंच आहे.

माझं पहिलं मोठं काम सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसचं होतं, 22 जणांची बसायची सोय. लेआउट मीच काढलेला, सगळी टेबलं एका उंचीची, काळ्या जाळीच्या खुर्च्या, हँडओव्हरच्या दिवशी फोटो एकदम मस्त आले. महिन्याभराने कपाटाचं एक बिजागर बघायला गेले तर अकाउंट्सच्या काकूंच्या टेबलाखाली ए फोर कागदाच्या दोन रिमा, त्यावर एक जुनी बॉक्स फाइल आणि तिच्यावर काकूंचे पाय. मी विचारलं हे काय काकू, तर म्हणाल्या, "अगं खुर्ची वर घेतली की पाय लटकतात, खाली घेतली की खांदे वर जातात, मग हे बरं पडतं."

मी तिथंच उभी राहिले थोडा वेळ. कारण चूक त्यांच्या बसण्यात नव्हती, माझ्या ड्रॉइंगमध्ये होती.

झालं काय, की आपल्याकडे टेबल साधारण 750 मिलीमीटर उंच करतात, मिस्त्रींच्या भाषेत अडीच फूट. टायपिंग करताना कोपर टेबलाच्या लेव्हलला यायला पाहिजे, मग पाच फुटाच्या आतल्या बाईला खुर्ची वर घ्यावीच लागते आणि पाय जमिनीवरून सुटतात. मांडीच्या मागच्या बाजूला सीटची कड रुतते, पायाला मुंग्या येतात, संध्याकाळी कंबर धरते. टेबलाची उंची बदलता येत नसेल तर फूटरेस्ट द्यायचा, एवढं साधं उत्तर आहे. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कोटेशनमध्ये फूटरेस्टची वेगळी लाइन असते. क्लायंट ती कापायला सांगतात, मी कापत नाही, रिसेप्शनच्या पॅनेलिंगमधून पैसे कमी करते. रिसेप्शनला माणूस पाच मिनिटं बसतो, आत स्टाफ आठ-नऊ तास बसतो, पैसा कुठे जायला हवा ते उघड आहे.

म्हणून लेआउट काढायच्या आधी त्यांच्या जुन्या ऑफिसात अर्धा दिवस जाऊन बसा, टेप बाजूला ठेवा आणि नुसतं बघा. कोण सारखं उठून प्रिंटरकडे जातं, कोणाचा फोन सतत चालू असतो, डबे कुठे खातात, हेल्मेट कुठे ठेवतात. पावसाळ्यात ओल्या रेनकोटला जागा लागते हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

खुर्चीबद्दल थोडं जास्त सांगते कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथं होते. कॅटलॉग बघून ऑर्डर देऊ नका, सॅम्पल मागवा आणि स्वतः वीस मिनिटं बसा, मग एक उंच आणि एक बुटका माणूस बसवा. पाठ टेकवून बसल्यावर सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यात दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. लंबर सपोर्ट कमरेच्या खोलगट भागात येतो का बघा, स्वस्त खुर्च्यांत तो बऱ्याचदा वर-खाली होतच नाही. हात ठेवायचे आर्म टेबलाखाली जातात का तेही बघा, नाही गेले तर माणूस टेबलापासून लांब बसतो आणि दिवसभर पुढे वाकतो. फोमऐवजी जाळीवर बसवायची पद्धत 1994 मध्ये आलेल्या एरॉन नावाच्या ऑफिस खुर्चीनंतर जगभर पसरली, आपल्या उन्हाळ्याला ती चांगलीच आहे, पण हलकी जाळी वर्षभरात झोळीसारखी लोंबते. गॅसलिफ्ट, म्हणजे खुर्ची वर-खाली करणारा दांडा, क्लास 4 चा मागा. खाली टाइल्स असतील तर चाकं मऊ पीयूची (पॉलियुरेथेनची) घ्या.

मटेरियलचं थोडक्यात. प्लायच्या शीटवर आयएसआयचा शिक्का बघा, आयएस 303 म्हणजे साधा प्लाय (त्यातला एमआर, म्हणजे दमट हवेला टिकणारा, बहुतेक ठिकाणी चालतो), पण पँट्री आणि सिंकच्या खाली आयएस 710, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, त्याशिवाय काही लावू नका. टेबलाच्या ज्या कडेवर मनगट टेकतं तिथं 2 मिलीमीटरची एज बँड लावा, पातळ पट्टी सुटते आणि हाताला लागते.

मोजमाप घेताना रूमबरोबर लिफ्ट आणि जिनाही मोजा. कॉलेज रोडच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये आमचं दहा फुटी कॉन्फरन्स टेबल जिन्याच्या वळणावर अडकलं, लिफ्टमध्ये जायचा प्रश्नच नव्हता, शेवटी टॉप कापून दोन तुकड्यांत जोडावा लागला आणि तो जोड आजही दिसतो. आता मोठं टेबल मी ड्रॉइंगमध्येच तीन भागांत काढते.

ऊन दुपारी तीननंतर बघायला जा. पश्चिमेची काच असेल तर एप्रिल-मेमध्ये त्या रांगेत कोणी बसू शकत नाही, एसी कितीही लावा. स्क्रीन खिडकीच्या समोर किंवा पाठीमागे नको, खिडकी बाजूला यायला हवी, आणि ब्लाइंड्स पहिल्याच कोटेशनमध्ये धरा. टेबलावर उजेड 300 ते 500 लक्स (उजेड मोजायचं माप) धरतात.

वास्तू पहिल्याच मीटिंगला विचारा. सरांची केबिन नैऋत्येला हवी हे इलेक्ट्रिकल पॉइंट निघाल्यावर कळलं तर सगळी भिंत परत फोडावी लागते.

आणि व्हिजिटिंग कार्डावर आर्किटेक्ट लिहू नका. 1972 च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार ते नाव फक्त काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे रजिस्टर झालेल्यांना वापरता येतं, आपण इंटिरियर डिझायनर लिहायचं.

सुरुवातीला डिझायनरची पोस्ट मिळाली नाही तर साइट सुपरवायझर म्हणून लागा, पगार कमी असतो पण मिस्त्री, लाइटवाले, फॉल सीलिंगवाले यांच्याशी बोलायला शिकता. आणि प्रत्येक हँडओव्हरनंतर एका महिन्याने न बोलावता जा. खुर्चीवर घरून आणलेली उशी, काचेला चिकटवलेला पुठ्ठा, एसीच्या व्हेंटमध्ये खोचलेला कागद, टेबलाखाली रिमा, असं काय काय दिसेल ते वहीत लिहून घ्या आणि पुढच्या लेआउटला बसताना ती वही उघडी ठेवा.