खबरीला श्रेणी कशी द्यायची: अक्षर माणसाचं, आकडा माहितीचा

पुण्यात लष्कराची गुप्तवार्ता प्रशिक्षण शाळा आहे, त्यामुळे इथल्या बऱ्याच मुलामुलींना या कामाचं कुतूहल असतं. विश्लेषकाचं रोजचं काम म्हणजे आलेल्या माहितीवर किती भरवसा ठेवायचा हे ठरवणं. त्याची एक पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात रूढ झाली आणि पुढे नाटोच्या सैन्यांनी घेतली.

सराव पावसाळ्यात करा. ‘खडकवासल्यातून 35 हजार क्युसेक सोडलं, भिडे पूल पाण्याखाली’ असा मेसेज आला समजा. (छावणीतल्या हालचालींवर सराव अजिबात नको, तशा नोंदी 1923 च्या शासकीय गुपिते कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात.)

आधी वाक्य फोडा. यात दावे दोन आहेत, धरणाचा विसर्ग आणि पुलावरचं पाणी. दोन्हींची नोंद वेगळी.

मग सांगणाऱ्याला अक्षर द्या: ए पूर्ण विश्वासार्ह, बी बहुतेक वेळा, सी बऱ्यापैकी, डी सहसा नाही, ई अविश्वसनीय, एफ ठरवता येत नाही. अक्षर मागच्या नोंदी पाहून द्यायचं, हुद्दा पाहून नाही. नव्या माणसाला एफ मिळतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

नंतर माहितीला आकडा: 1 स्वतंत्र दुजोरा मिळालेली, 2 बहुधा खरी, 3 शक्य, 4 शंकास्पद, 5 असंभाव्य, 6 ठरवता येत नाही. आकडा देताना सांगणाऱ्याचं नाव झाकून ठेवा. ए दिसलं की हात आपोआप 1 लिहितो. सर्वात जास्त चुका इथेच होतात.

आता नारायण पेठेतला तुमचा भरवशाचा माणूस घ्या. पुलावरचं पाणी त्याने डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा बी2 योग्य. 35 हजारांचा आकडा मात्र त्याने ऐकलेला. त्या दाव्याचं सूत्र तो नव्हेच. मूळ सांगणारा शोधा. सापडला नाही आणि ताडून पाहायलाही काही नसेल, तर एफ6. जलसंपदा विभागाने जाहीर केलेला विसर्ग मिळाला, की वेळेसकट ताडून पाहा. सकाळचा विसर्ग आणि दुपारचं पाणी यांची गल्लत हमखास होते.

तोच मेसेज पाच ग्रुपवर आला म्हणजे दुजोरा मिळाला असं नाही. शुद्धलेखनाची तीच चूक, तोच ढोबळ आकडा, तोच फोटो दिसला, तर सूत्र एकच धरा.

प्रतिहेरगिरीत, म्हणजे शत्रूचे हेर ओळखण्याच्या कामात, याहून कठीण प्रश्न येतो: समोरचा मुद्दाम स्वतःचं अक्षर वाढवत असेल तर? ब्रिटिशांचा दुहेरी हेर ‘गार्बो’ (जर्मन त्याला आपलाच माणूस समजत) याने फ्रान्समधल्या नॉर्मंडीवर होणाऱ्या दोस्तांच्या चढाईची खरी खबर जर्मनांना दिली, पण उपयोग होणार नाही इतक्या उशिरा. पत वाढली. मग 9 जून 1944 ला त्याने कळवलं की नॉर्मंडी ही हूल आहे, खरा हल्ला फ्रान्सच्याच किनाऱ्यावरच्या पा-द-कॅलेला होणार. जर्मनांनी ते मानलं. म्हणून प्रत्येक खऱ्या निघालेल्या खबरीपुढे दोन गोष्टी लिहा: ती वेळेत आली होती का, आणि ती दिल्याने समोरच्याचं खरंच काही नुकसान झालं का. दोन्हींचं उत्तर सतत ‘नाही’ येत असेल, तर बी वरून ए करू नका.

आणि एखादं सूत्र पेरलेलं निघालं, तर फक्त त्याचं अक्षर खाली आणून भागत नाही. त्याच्या दुजोऱ्यावर ज्या ज्या माहितीला 1 दिला होता, ती प्रत्येक नोंद काढून तिला पुन्हा आकडा द्यावा लागतो.