कोमेजलेले पान पाहून पाणी सोडता? या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यांत सांगली जिल्ह्यातील तासगाव किंवा कवठे महांकाळच्या शिवारात भर दुपारी फेरी मारली, तर वांग्याच्या आणि भोपळ्याच्या पानांनी मान टाकलेली हमखास दिसते. ते पाहून अनेक जण लगेच मोटर सुरू करतात, आणि सर्वांत महागात पडणारी चूक येथेच होते. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी सुमारे ९७ ते ९९ टक्के पाणी प्रामुख्याने पर्णरंध्रांवाटे, म्हणजे पानावरील सूक्ष्म छिद्रांवाटे, वाफ होऊन निघून जाते. यालाच बाष्पोत्सर्जन म्हणतात. कडक ऊन आणि कोरडा वारा एकत्र आले की ही वाफ मुळांच्या शोषणापेक्षा वेगाने बाहेर पडते, त्यामुळे जमिनीत पुरेशी ओल असतानाही पान काही काळ मलूल होते व ऊन उतरल्यावर आपोआप ताठ होते. म्हणून निर्णय दुपारच्या पानावरून न घेता पहाटेच्या पानावरून घ्यावा. सूर्योदयापूर्वीही पान लोंबतच असेल, तर वीतभर खोल माती उकरून मुठीत दाबून पाहावी आणि ती कोरडी लागली तरच पाणी द्यावे.

ओल्या जमिनीत कोमेजणारे पीक

कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज या भागांतील भारी काळ्या जमिनीत वाफसा येण्याआधीच, म्हणजे जादा पाणी निचरून मातीत पुन्हा हवा खेळू लागण्याआधीच, पुन्हा पाणी दिले, की मुळांना प्राणवायू मिळत नाही, त्यांचे शोषण मंदावते, पर्णरंध्रे मिटतात आणि झाड तहानलेल्यासारखेच दिसू लागते. अशा वेळी आणखी पाणी देणे म्हणजे गुदमरलेल्या मुळांवर पुन्हा घाव घालणे होय, आणि दुर्दैवाने हेच सर्रास घडते.

क्षारपड जमिनीत दुखणे वेगळे असते. तेथे पाणी असूनही क्षारांमुळे मुळांना ते ओढून घेता येत नाही. जे क्षार पाण्याबरोबर पानाच्या कडेपर्यंत चढतात, ते पाणी उडून गेल्यावर तेथेच साचतात आणि कडा करपतात. करपलेली कड पाहून पाण्याच्या पाळ्या वाढवण्याऐवजी प्रथम माती व विहिरीच्या पाण्याचे परीक्षण करून घ्यावे आणि चर किंवा भूमिगत निचऱ्याची सोय करावी, कारण निचऱ्याशिवाय दिलेले जादा पाणी भूजल वर आणून क्षारही वर आणते.

बाष्पोत्सर्जन म्हणजे नासाडी, हा समज

पानातून जाणारे पाणी वाया जाते असे मानून पानावर पातळ पडदा तयार करणारी द्रावणे वारंवार फवारली जातात. मात्र वाफ बाहेर सोडणाऱ्या रंध्रांतूनच कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्या वाफेमुळेच पान थंड राहते. रंध्रे दीर्घकाळ झाकली, तर पान तापते आणि अन्ननिर्मिती घटते. याच प्रवाहाबरोबर कॅल्शियमही वर जात असल्यामुळे पाण्यात मोठे चढउतार झाले की टोमॅटोच्या फळाचा तळ काळा पडतो. पानांवर फवारली जाणारी केओलिनची पांढरी माती मात्र मुख्यतः ऊन परावर्तित करते. आटपाडीकडील डाळिंबासाठी तिचा विचार करता येईल, परंतु जोरदार पावसाने ती धुऊन जाते, हे लक्षात ठेवावे.

द्राक्षाच्या पानाची रंध्रे खालच्या बाजूस असतात, त्यामुळे द्रावण पानात शिरावे अशी अपेक्षा असेल, तर केवळ वरून फवारणी करणे पुरेसे नाही.

सर्व पिकांना एकच वेळापत्रक

शाळूची (रब्बी ज्वारीची) पाने सुरळीसारखी वळली की काहींना रोगाची शंका येते. वस्तुतः पान वळवून उघडा पृष्ठभाग कमी करणे ही त्या पिकाची पाणी वाचवण्याची रीत आहे. जतकडे लावले जाणारे ड्रॅगन फ्रूट हे निवडुंगाच्या कुळातील असल्याने त्याची रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. त्याला द्राक्षाच्या वेळापत्रकाने ठिबक चालवली, तर मुळे कुजण्याचा धोका वाढतो. पुनर्लागण केलेल्या रोपांची मुळे तुटलेली असतात, म्हणून त्यांना काही दिवस सावली द्यावी.

एक खूण मात्र फार थोड्या जणांच्या लक्षात येते. गव्हाच्या पानाच्या टोकाशी किंवा टोमॅटोच्या पानाच्या कडेवर सकाळी टपोरे थेंब ओळीने दिसले, तर त्याला दव समजू नये. दव पानभर पसरते. हे थेंब मुळांच्या दाबाने आतून बाहेर आलेले असतात. ते दिसले, की जमिनीत भरपूर ओल आहे असे समजावे आणि त्या दिवशीची पाळी टाळावी.