किनाऱ्यावरची इनोव्हा: आगोटीपासून दिवाळीपर्यंत

कोकणात जुनी इनोव्हा भंगारात निघते ती बहुतेक वेळा इंजिनामुळे नाही, पत्र्यामुळे आणि चॅसीमुळे, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यामुळे. तीन-चार लाख किलोमीटर झालेल्या गाड्या मालवण, गुहागर, अलिबागला पर्यटकांना घेऊन आजही फिरतात. त्याच वयाच्या काही गाड्यांना मात्र खालून स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर आरपार जातो. दर मे महिन्यात गाडीच्या पोटाखाली कोणी शिरलं की नाही, यावर हा फरक ठरतो.

टोयोटाचं मूळ विणकामात आहे. साकिची टोयोडा यांचा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, त्यामुळे खराब कापड पुढे विणलंच जात नसे. त्यांचे चिरंजीव किइचिरो यांच्या पुढाकाराने १९३७ साली मोटारींची वेगळी कंपनी उभी राहिली. आपल्याकडे किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्यातले विक्रम किर्लोस्कर टोयोटाचे भागीदार झाले आणि १९९७ साली बेंगळुरूजवळच्या बिडदीला टोयोटा किर्लोस्कर मोटर सुरू झाली. तिथून २००० साली क्वालिस आली, २००५ साली इनोव्हा, २०१६ साली क्रिस्टा आणि २०२२ च्या अखेरीस हायक्रॉस.

मागाची ती रीत गाडीतही दिसते. डिझेलमध्ये पाणी साचलं, ऑइलचा दाब उतरला, टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) बदलायची वेळ झाली की डॅशबोर्डवर दिवा लागतो. गंजाचा दिवा मात्र कुठल्याच गाडीत नाही. तो आपणच बघायचा असतो.

क्वालिस, इनोव्हा आणि क्रिस्टा या तिन्ही गाड्यांना खाली स्वतंत्र चॅसी आहे आणि ताकद मागच्या चाकांना जाते. हायक्रॉसला वेगळी चॅसी नाही आणि तिची पुढची चाकं ओढतात, त्यामुळे तिचं तंत्र वेगळं. पुढचं सगळं मुख्यतः २००५ ते २०१५ च्या अडीच लिटर डिझेल इनोव्हासाठी आहे. किनाऱ्यावर जुन्या बाजारात हीच जास्त हिंडते.

मीठ नेमकं काय करतं

मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण स्वतःच विरघळतो आणि पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता याच्या खाली क्वचितच येते, म्हणजे गाडी नुसती उभी असली तरी आतून ओली असते. त्यात लाल माती. चिऱ्याच्या रस्त्यावरचा चिखल चॅसीच्या भोकांतून आत जातो, तिथे घट्ट बसतो आणि ओल धरून ठेवतो. उघड्यावर दिसणारा गंज त्यामानाने निरुपद्रवी. चॅसीची पोकळ पेटी आतून सडते ती खरी घातक.

मिठाचे आणखी दोन रस्ते आहेत आणि ते दोन्ही आपणच उघडतो. समुद्रात डुंबून आलेली माणसं ओल्या कपड्यांनी, वाळूभरल्या पायांनी सीटवर बसतात. ते पाणी गालिच्याखालच्या फोममध्ये मुरतं आणि फरशीचा पत्रा वरून गंजायला लागतो. दुसरा रस्ता डिकीत ठेवलेली मासळीची पेटी. बर्फ वितळून ते खारट पाणी डिकीच्या कोपऱ्यात उतरतं. पर्यटकांची गाडी असेल तर रबराच्या उंच कडांच्या मॅट घाला. महिन्यातून एकदा गालिचा उचलून हात लावून बघा. हाताला ओल लागली तर गालिचा बाहेर काढून उन्हात टाकायचा, आत पंखा लावून भागत नाही.

आगोटीचं काम

आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, घराची शाकारणी करतो, लाकूडफाटा भरतो, त्याच हप्त्यात गाडीचंही काम धरावं. मे महिन्याचा तिसरा आठवडा ही शेवटची मुदत समजा. वळवाचे शिंतोडे सुरू झाले की धुतलेली चॅसी आतून वाळत नाही, आणि ओल्या पत्र्यावर काही मारलं तर ओल आतच कोंडली जाते.

आधी स्टेपनी खाली घ्या. इनोव्हाची स्टेपनी मागे पोटाखाली साखळीवर टांगलेली असते आणि जॅकच्या दांड्याने फिरवून उतरते. किनाऱ्यावर ही साखळी आणि तिचा रहाटासारखा भाग गंजून जाम होतो, आणि ते कळतं ते थेट रात्री घाटात पंक्चर झाल्यावर. म्हणून वर्षातून दोनदा उतरवा, तारेच्या ब्रशने घासा, ग्रीस लावा. स्टेपनी खाली असतानाच तिच्या वरचा चॅसीचा भाग तपासा. एरवी तिथे ना पाणी पोचतं ना नजर.

मग गाडी रॅम्पवर घ्या आणि धुवा. कुठल्या पाण्याने, हे आधी ठरवा. खाडीकाठच्या पुष्कळ विहिरी आणि बोअर मे महिन्यात मचूळ होतात. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे मिठाचा नवा थर चढवणं. काचेवर चमचाभर पाणी सुकू द्या. पांढरा खरखरीत थर उरला आणि जिभेला खारट लागला तर ते पाणी वापरू नका. नळाचं पाणी घ्या, नाहीतर आतल्या गावात नेऊन गाडी धुवा.

चॅसीच्या बाजूंना जी भोकं असतात त्यांत पाइप घालून समोरच्या भोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी सोडा. पहिल्यांदा धुताना लाल चिखल निघतच राहतो, तेव्हा धीर धरा. पुढच्या मडगार्डच्या आतलं प्लास्टिक काढा. त्यामागे पानं, माती, काड्या साचलेल्या असतात आणि मडगार्डचं खालचं टोक तिथेच सडतं. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं आहेत, ती प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा. तारेने करू नका, रंग खरवडला जातो. जोराच्या फवाऱ्याचं तोंड चाकांच्या बेअरिंगवर, वायरिंगच्या जोडांवर आणि रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीवर जवळून धरू नका. त्या जाळीच्या अॅल्युमिनियमच्या पाती मिठाने आधीच ठिसूळ झालेल्या असतात. तिला बादलीतलं पाणी हळू ओतणंच बरं.

दोन कडक उन्हं जाऊ द्या. मग छोट्या हातोडीने चॅसी ठोकत जा. निरोगी पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द वाजतो. मागच्या चाकांच्या वरची चॅसीची कमान, बॉडी जिथे रबरी गादीवर बसते त्या जागा, पायरीखालची पट्टी, मागच्या चाकांच्या कमानीची आतली कड, डिकीच्या दाराचा खालचा भाग, डिझेल भरायची नळी आणि चॅसीला चिकटून जाणारे ब्रेकचे लोखंडी पाइप नीट पाहा. पाइप जिथे क्लिपमध्ये बसतो तिथे माती धरते आणि तिथेच तो आधी खातो. बोटाने घासल्यावर पाइपाला खड्डे लागले तर रंग मारून झाकू नका, पाइप बदला.

वरवरचा गंज असेल तर तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग गंज रूपांतरक द्रव. तो काळा पडला की डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण थांबा. त्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि शेवटी चॅसी ब्लॅक. पोकळ भागासाठी वेगळी वस्तू लागते: लांब नळीने आत फवारायचं मेण. चॅसी आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मिळून साधारण दोन लिटर लागतं. पाणी निघायची भोकं मेणाने बुजली नाहीत ना, हे शेवटी पाहा.

डांबरासारखं काळं जाड कोटिंग गंजावरून मारून देणारे बरेच भेटतात. ते करू नका. वर्षभरात त्याला चीर पडते, पाणी चिरेतून आत जातं आणि आत काय चाललंय ते दिसतही नाही. जळकं ऑइल फवारायची रीतही जुनी आहे. लोखंडाला ते काही काळ वाचवतं, पण रबराचे बुश फुगवून मऊ करतं आणि सगळं अंगणात ठिबकतं. मेण किंवा कोटिंग काहीही मारलं तरी ब्रेकच्या चकत्या, सायलेन्सर आणि मागच्या चाकांना ताकद नेणारा, फिरणारा प्रोपेलर शाफ्ट झाकून ठेवा. शाफ्टवर एका बाजूला थर बसला तर त्याचा तोल जातो आणि गाडी वेगात थरथरते.

पावसात आणि घाटात

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. आपल्याकडच्या दमट हवेत दोन वर्षांत ते बदलायलाच हवं, गाडी किती चालली याचा संबंध नाही. पाणी मुरलेलं ऑइल कमी उष्णतेवर उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि आंबा किंवा आंबोली घाट उतरताना पेडल अचानक खाली जातं. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरावा, ही जुन्या चालकांची शिकवण सात माणसं आणि टपावर सामान असलेल्या इनोव्हाला तंतोतंत लागू आहे.

रस्त्यावर पाणी असेल तर चाकाच्या मध्यापर्यंतच जा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा.

पाण्यातून गाडी सुखरूप निघाली तरी मागचं हाउसिंग, म्हणजे मागच्या चाकांमधली गिअरची पेटी, तपासायचं असतं. चालून तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात पडलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून हवा ओढते. त्यासाठी वर ब्रीदर, म्हणजे हवेचं बारीक तोंड, दिलेला आहे, पण तो चिखलाने बुजला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. भरायचा बोल्ट काढून बोट घाला. ऑइल ताकासारखं दिसलं तर लगेच बदला, नाहीतर आतला क्राऊन गिअर आणि बेअरिंग जातील.

डिझेल फिल्टरचा दिवा लागला तर इंजिन बंद करून फिल्टरखाली भांडं धरा, तळाचा नळ हाताने दोन-अडीच फेरे सैल करा आणि वरचा हातपंप दाबत राहा. आधी पाणी, मग स्वच्छ डिझेल येईल. नळ हातानेच घट्ट करा, पाना लावला तर प्लास्टिकचे आटे जातात. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत दव धरतं. अशा वेळी हँडब्रेकही ओढू नका. मागच्या ड्रमला लायनर चिकटतात. गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला लाकडाचा ठोकळा लावा. आणि माडाखाली गाडी लावू नका, एका नारळाने टप बसतो.

जंगल जेटीवर, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीवर, दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ पार करताना सुकतीला (ओहोटीला) धक्क्याच्या उताराचा खालचा भाग उघडा पडतो आणि शेवाळाने निसरडा असतो. रिकाम्या इनोव्हाची मागची चाकं तिथे फिरतात. माणसं आतच बसू द्या आणि पहिल्या गिअरमध्ये एकसारखं जा. पुळणीवर मात्र गाडी नेऊच नये. मागची चाकं वाळूत रुततात, भरती कोणासाठी थांबत नाही, आणि खारं पाणी बेअरिंगपर्यंत गेलं की त्याची किंमत पुढची दोन वर्षं मोजावी लागते.

इंजिनाबद्दल थोडं

या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, क्रिस्टाच्या इंजिनासारखी साखळी नाही. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. जुनी गाडी घेतली आणि बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर पहिला खर्च तोच करा, बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरसकट. इंजिन ऑइल फिल्टरसह सुमारे सात लिटर लागतं. अंदाजाने न ओतता डिपस्टिक पाहून भरा.

इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर कालांतराने गळतात. थंड इंजिनातून लयीत चुक-चुक आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. हे लांबणीवर टाकू नका. जळालेला वायू ऑइलमध्ये काजळी सोडतो, ती तळाच्या गाळणीत अडकते आणि ऑइल वर चढत नाही. गाडी सुरू केल्यावर ऑइलचा दिवा विझायला वेळ लागत असेल तर इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उघडून गाळणी पाहा.

जुनी गाडी घेताना

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं, त्यात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यामुळे कुठल्याही पासिंगची गाडी असो, पुराची खूण शोधा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, एरवी गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ राहते. सीटचे रूळ, फ्यूजच्या डब्यामागचा भाग आणि गालिच्याखालचा कोपरा बॅटरी मारून बघा. आतून सुगंधी फवारा नुकताच मारलेला असेल तर काचा बंद करून गाडी तासभर उन्हात ठेवा आणि मग दार उघडून वास घ्या.

शेवटी चॅसीवर कोरलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसी बुकाशी जुळवा. किनाऱ्यावरच्या गाड्यांत तो गंजाने खाल्लेला असतो. १५ वर्षांनी नोंदणी नव्याने करताना आरटीओत तो वाचता आला नाही तर काम अडतं. अंक पुसट असतील तर तो घासून उजळायच्या फंदात पडू नका, त्याने खाडाखोडीचा संशय येतो. मूळ मालकाच्या नावावर गाडी असतानाच हा प्रश्न त्याच्याकडून सोडवून घ्या, तोवर बयाणा देऊ नका.