मालिका आधी की सिनेमा? ‘मॅक्रॉस’ पाहण्याची माझी पद्धत

‘सुपर डायमेन्शन फोर्ट्रेस मॅक्रॉस’ ही जपानी ॲनिमेटेड मालिका 1982 च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि 1983 च्या जूनमध्ये 36 भागांवर थांबली. पुढच्याच वर्षी तीच गोष्ट नव्याने सांगणारा सिनेमा आला, ‘डू यू रिमेंबर लव्ह?’. लांबी 115 मिनिटं. साहजिकच पहिला विचार असा येतो, की तेरा-चौदा तासांची गोष्ट दोन तासांत उरकत असेल, तर मालिका बघायचीच कशाला?

मी हा सिनेमा जवळच्या माणसांना बसवून दाखवत आले आहे आणि माझं म्हणणं पक्कं आहे. आधी मालिकेचे पहिले 27 भाग बघा, मग सिनेमा, मग मालिकेचे राहिलेले नऊ भाग. का, ते सांगते. सांगताना गोष्टीतली वळणं उघड होणारच. ज्यांना ती आधी कळायला नकोत त्यांनी इथेच थांबून पहिला भाग लावावा.

हा सिनेमा म्हणजे मालिकेचा सारांश नाही, हे आधी ध्यानात घ्या. त्या काळी लोकप्रिय मालिकांचे सिनेमे बहुधा आधीच्याच चित्रफिती कापून-जोडून बनत. ‘गंडम’ या दुसऱ्या जपानी ॲनिमेटेड मालिकेची 1979 ची गोष्ट 1981-82 मध्ये तीन सिनेमांत आली, ती बरीचशी अशीच, मध्ये काही नवी दृश्यं घालून. ‘मॅक्रॉस’वाल्यांनी चित्रं पुन्हा काढली, घटना बदलल्या, शत्रूसुद्धा नव्याने रचला. दिग्दर्शक दोघं होते, नोबोरू इशिगुरो आणि शोजी कावामोरी. कावामोरी तेव्हा अवघा चोवीस वर्षांचा होता. मालिकेत वेळेअभावी जे हातून निसटलं, ते सगळं मनासारखं करण्याची घाई या सिनेमाच्या प्रत्येक चौकटीत दिसते.

पण या घाईत तो तुमची ओळख करून द्यायला थांबत नाही. सिनेमा उघडतो तेव्हा मॅक्रॉस हे प्रचंड जहाज शनीजवळ आहे, त्याच्या पोटात अख्खं शहर वसलंय, मिनमे आधीच गाजलेली गायिका आहे आणि हिकारू आधीच लढाऊ वैमानिक. हे असं का, ते मालिकेत कळतं. 1999 मध्ये परग्रहावरचं जहाज पृथ्वीवर कोसळतं, माणसं दहा वर्षं ते दुरुस्त करतात, आणि उद्घाटनाच्याच दिवशी, 2009 मध्ये, हल्ला होतो. जीव वाचवायला मारलेली अवकाशातली उडी चुकते आणि जहाज बेटासकट प्लूटोच्या कक्षेत जाऊन पडतं. बेटावरची माणसं जहाजात घ्यावी लागतात, म्हणून ते शहर. हिकारू तेव्हा कसरतींची विमानं उडवणारा साधा मुलगा असतो आणि मिनमे काकांच्या चिनी खाणावळीत राहणारी मुलगी.

चौथा भाग अजिबात चुकवू नका. त्यात हे दोघं जहाजाच्या एका बंद भागात अडकून पडतात. सिनेमातही ते अडकतात, पण तिथे एक वैमानिक आणि एक प्रसिद्ध गायिका अडकते, आणि सगळा प्रसंग पाहता पाहता संपतो. मालिकेत मात्र तिला कुणी ओळखत नसतं. ती भविष्याबद्दल जे बोलते ते ऐकणारा हिकारू हा एकटाच. सिनेमातली मिनमे पुढे हिकारूवर हक्क सांगते तेव्हा तो हक्क कुठून आला हे फक्त हा भाग पाहिलेल्याला समजतं.

मालिका बघताना चित्रांच्या दर्जाकडे थोडं दुर्लक्ष करावं लागेल. काम वेगवेगळ्या स्टुडिओंत वाटलं गेलं होतं, त्यामुळे एका भागात हारुहिको मिकिमोतोने रेखलेले चेहरे देखणे दिसतात आणि पुढच्या भागात तेच चेहरे ओळखू येत नाहीत. अकरावा भाग तर फारच कच्चा आहे, पण त्यातच माणसं पहिल्यांदा हल्ला करणाऱ्या परग्रहवासी शत्रूच्या, राक्षसी आकाराच्या झेंट्राडींच्या तावडीत सापडतात, तेव्हा तो बघावाच लागतो. वेळ कमी असेल तर 14 आणि 17 सोडा. त्यांत आधीच्याच दृश्यांची उजळणी जास्त आहे. 18 आणि 19 मात्र एका बैठकीत.

या दोन भागांत दोन माणसं जातात. हिकारूचा थोरल्या भावासारखा वैमानिक मित्र रॉय फोकर लढाईहून परत येतो, त्याची प्रेयसी आणि जहाजावरची अधिकारी क्लॉडिया हिच्या घरी जाऊन बसतो, ती स्वयंपाकघरात असताना शांतपणे जातो. पुढच्या भागात हिकारूच्या तुकडीतला वैमानिक काकिझाकी जहाजाच्या संरक्षक कवचाच्या स्फोटात सापडतो. सिनेमात दोघांचे मृत्यू बदललेत. काकिझाकी तर बोलता बोलता, वाक्य अर्धं असतानाच मारला जातो. मालिका पाहिली नसेल तर तुम्हाला वाटेल, एक वैमानिक गेला. पाहिली असेल तर तुम्ही त्या अर्ध्या वाक्यापाशी अडकता, आणि सिनेमा मात्र पुढे निघून गेलेला असतो. तुमच्या मनातली ओळख हाताशी आहे असं धरूनच दिग्दर्शकांनी कात्री चालवली आहे.

27 व्या भागावर थांबायचं, कारण गोष्टीचा कळस तिथे आहे. मालिका मुळात तिथेच संपायची होती; लोकांनी उचलून धरली म्हणून वाढवली. शत्रूचा मुख्य ताफा सुमारे 48 लाख जहाजांचा, तो पृथ्वी जाळून टाकतो, आणि मिनमेच्या गाण्याने गोंधळलेल्या शत्रूला मॅक्रॉस भेदतं. हा भाग झाला की दुसरं काही लावू नका. एक रात्र जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी सिनेमा.

सिनेमा जपानी आवाजातच बघा, उपशीर्षकं लावून. यात झेंट्राडींना स्वतःची भाषा दिली आहे आणि मूळ जपानी प्रेक्षकांनीही ती उपशीर्षकांसहच पाहिली. तो परकेपणा मुद्दाम आणलेला आहे. इंग्रजीत डब केलेली एक जुनी, बरीच कापलेली आवृत्ती आहे, ती टाळा. मिळेल तेवढा मोठा पडदा, खोलीत अंधार, आणि आवाज नीट ऐकू येईल असं काहीतरी. मध्ये थांबवायचं नाही.

क्षेपणास्त्रांची दृश्यं मागाहून पुन्हा बघा, एकेक चौकट पुढे सरकवत. इचिरो इतानो या ॲनिमेटरची ही खासियत. डझनावारी क्षेपणास्त्रं सुटतात आणि प्रत्येकाची वाट निराळी असते. एक सरळ घुसतं, एक वळसा घेऊन मागून येतं, आणि कॅमेरा त्यांच्यामधून पळत असतो. हे सगळं हाताने काढलेलं आहे. मला आजही ते पाहून पेन्सिल धरणाऱ्या त्या हातांबद्दल आदर वाटतो.

दुसऱ्यांदा बघताना जवळ कागद घ्या आणि एकेका जोडीचं मालिकेत काय झालं, सिनेमात काय झालं, ते समोरासमोर लिहा. हिकारूच्या तुकडीतला वैमानिक मॅक्स आणि शत्रूकडची मिलिया यांच्यापासून सुरुवात करा. मालिकेत ती राक्षसी योद्धा स्त्री माणसाच्या आकाराची होऊन त्याच्या जगात येते, आणि पंचविसाव्या भागात त्यांचं लग्न लागतं. सिनेमात तो तिच्याएवढा होऊन तिच्या जगात जातो. शिवाय सिनेमात राक्षसांच्या दोन फौजा आहेत, पुरुषांचे झेंट्राडी आणि स्त्रियांचे मेल्ट्रांडी, एकमेकांशी युगानुयुगं लढणारे. म्हणजे पुरुष आणि स्त्री एकत्र असणं हीच मुळी शत्रूला न समजणारी गोष्ट. हिकारू, जहाजावरची अधिकारी मिसा आणि मिनमे यांचा प्रेमाचा त्रिकोण मालिकेत युद्धाच्या शेजारून चालतो. सिनेमात तो युद्धाच्या मधोमध आणून ठेवलाय.

तीच गत गाण्याची. मालिकेत मिनमे तिची गाजलेली गाणीच गाते. सिनेमात सूर आधी सापडतो, शब्द नाहीत. उद्ध्वस्त पृथ्वीवर हिकारूबरोबर भटकताना प्राचीन शहरात मिसाला शब्द सापडतात आणि ती ते उलगडते. म्हणजे मिनमे जे गाते त्याचे शब्द तिच्या प्रतिस्पर्धी स्त्रीने शोधलेले आहेत. गाणं सुरू असताना क्लॉडिया विचारते, हे आहे तरी कसलं गाणं? मिसा सांगते, साधंच, प्रेमाचं. दुसऱ्या फेरीत लढाईकडे न बघता या दोघींकडे बघा.

त्याआधीचा एक प्रसंग आहे, त्यावर बोला. मिनमे गायला नकार देते आणि हिकारू तिला थोबाडीत मारतो. माझ्या भाचीने तिथेच सिनेमा थांबवायला लावला होता. तिचं म्हणणं, मिनमेचं बरोबर आहे, सगळं गमावलेल्या मुलीकडून लगेच गाणं मागायचं कसं? मला ते पटलं. सिनेमा त्या क्षणी हिकारूच्या बाजूने उभा राहतो, आणि ही त्याची उणीव आहे. मिनमेची बाजू पुरती ऐकायची असेल तर मालिकेचे शेवटचे नऊ भाग बघायला हवेत.

म्हणूनच ते मी सिनेमानंतर ठेवते. अठ्ठाविसाव्या भागात युद्ध संपून दोन वर्षं झालेली असतात. गाण्याने जिंकलेले झेंट्राडी आता शहरांत नोकऱ्या करतात. कित्येकांना ते जमत नाही आणि ते पुन्हा शस्त्राकडे वळतात. मिनमेचे कार्यक्रम लहान होत जातात. हिकारूला ठरवता येत नाही आणि मिसा वाट बघत राहते. थेट सत्ताविसाव्यानंतर हे भाग लावले तर रेंगाळल्यासारखे वाटतात, सिनेमाच्या झगमगाटानंतर बघितले तर टोचतात.

‘रोबोटेक’ पाहिलं असेल तर तेवढ्यावर भागवू नका. 1985 ची ती अमेरिकी मालिका ‘मॅक्रॉस’ला आणखी दोन असंबद्ध जपानी मालिकांशी जोडून केली आहे. नावं बदलली, संवाद बदलले. तिथे हिकारूचा रिक हंटर होतो.

मग खरी गोष्ट कुठली, हे भांडण करत बसू नका. पुढच्या ‘मॅक्रॉस’ मालिकांच्या जगात हा सिनेमा त्या जगातल्या लोकांनीच काढलेला युद्धपट मानला जातो, आणि कावामोरीनेही दोन्ही आवृत्त्या एकाच इतिहासाची नाट्यरूपं म्हणून मांडल्या आहेत.

श्रेयनामावलीबद्दल एक. 1984 मध्ये ती काळ्या पडद्यावर सरकत होती. मिनमेच्या मैफलीची दृश्यं 1987 च्या ‘फ्लॅश बॅक 2012’ या गाण्यांच्या व्हिडिओसाठी काढली गेली आणि नंतरच्या काही आवृत्त्यांत सिनेमाच्या शेवटी जोडली. तुमच्या प्रतीत ती असतील तर सिनेमाबरोबर बघायला हरकत नाही. पण ‘फ्लॅश बॅक 2012’ वेगळा मिळवा आणि छत्तिसाव्या भागानंतर लावा. अर्ध्या तासाचा आहे, आणि मिसा, हिकारू, मिनमे पुढे कुठे निघाले ते त्यात दिसतं.